ठेच लागलेला आणि शहाणा झालेला

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यात दोन माणसे गृहीत धरलेली आहेत. एक ठेचाळणारा आणि दुसरा त्याला पाहून पाय जपून टाकणारा. परंतु संसारात बहुधा असे घडते की, ठेच लागते तीही आपल्यालाच आणि तीस-चाळीस वर्षांनी शहाणे होतो तेही आपणच. हे उशिरा आलेले शहाणपण ज्याच्या खरोखर कामाचे, तो विशीतला मुलगा मात्र केव्हाच निघून गेलेला असतो. मग त्या शहाणपणाचे करावे काय?

मी पेशाने गायन-शिक्षक. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात माझे सकाळ-संध्याकाळचे वर्ग चालतात. वडील गायकवाड सरकारच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे दरबारचे गवई-वादक ज्या खात्याकडे असत त्या खात्यात, अगदी पोरवयात नोकरीस लागले होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीत होते. मी त्यांना पन्नाशीनंतर झालेला मुलगा. त्यामुळे त्यांना तरुण असे मी कधी पाहिलेच नाही. पाहिला तो एक वृद्ध गृहस्थ. तंबोऱ्याच्या तारा जुळवता जुळवता मध्येच थांबून आपल्याच तरुणपणाशी हुज्जत घालणारा! “तेव्हा असे करायला हवे होते” हे त्यांचे वाक्य आमच्या घरात देवघरातल्या समईइतके नेमाने असे.

त्या सवयीमुळे असेल, वर्गात नातवंडांना पोहोचवायला येणाऱ्या आजी-आजोबांना मी अलीकडे एक प्रश्न विचारू लागलो आहे. “तरुण पिढीला काय उपदेश कराल?” असे विचारले की पहाटे उठावे, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, अशी ठराविक उत्तरे येतात. पण “आजोबा, वीस वर्षांचे तुम्ही स्वतःच समोर येऊन बसलात, तर त्याला काय सांगाल?” असे विचारले की माणूस गप्प होतो. मग जे सांगतो ते खरे असते.

एक वृद्ध तबलजी आहेत. चाळीस वर्षे त्यांनी बड्याबड्यांना साथ केली. ते म्हणाले, “त्याला सांगेन, बाबा रे, हिशेबाची वही घाल. हात साफ होता, ठेका लोहारासारखा पक्का होता, पण बिदागीचे बोलणे आले की माझी जीभ टाळूला चिकटायची. गाणाऱ्याला पाकीट आणि मला शिऱ्याची बशी, यात मोठेपणा वाटायचा. म्हातारपणी दवाखान्याचे बिल शिऱ्याने भागत नाही हो.” हे ते हसत हसत बोलले, पण शेजारी बसलेल्या त्यांच्या सूनबाई हसल्या नाहीत.

रावपुऱ्यातल्या एक आजी लग्नापूर्वी पाच वर्षे गाणे शिकलेल्या. लग्न झाले, पेटी माळ्यावर गेली. साठी उलटल्यावर यजमानांना त्यांनी सहज विचारले, “मी गायलेले तुम्हांला चालले असते का?” यजमान चकित होऊन म्हणाले, “न चालायला काय झाले? तू कधी म्हणालीच नाहीस.” आजी मला म्हणाल्या, “मी त्या मुलीला एवढेच सांगेन की, आधी विचार तरी. कोणी नाही म्हटले नव्हते, मास्तर. मीच घरातल्या सगळ्यांच्या वतीने स्वतःला नाही म्हणून टाकले होते.”

तिसरे उत्तर मला अनपेक्षित होते. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तरुणपणी गवई होण्यास निघाले होते आणि दोन वर्षांनी त्यांनी तो नाद सोडला. मला वाटले, हे हळहळतील. ते म्हणाले, “मी त्याला सांगेन, सोडलेस ते उत्तम केलेस, फक्त सोडल्याची लाज बाळगू नकोस. त्या लाजेपायी मी वीस वर्षे गाण्याच्या बैठकीला गेलो नाही. गवई झालो असतो तर बेताचाच झालो असतो. श्रोता मात्र मी पहिल्या प्रतीचा आहे, आणि ते मला पन्नाशीनंतर कळले.”

ही तीन उत्तरे एकत्र ठेवली तर विशीतल्या मुलाची भंबेरीच उडेल. एक म्हणतो पैशाकडे बघ, दुसरी म्हणते धीर करून माग, तिसरा म्हणतो सोडलेस ते बरे केलेस! शिवाय आमच्या गायनकलेच्या इतिहासाकडे पाहिले की आणखीच विचारात पडायला होते.

अल्लादियाखाँसाहेबांचेच उदाहरण घ्या. ते १८५५ साली जन्मले आणि १९४६ साली मुंबईत वारले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे ते गायक. तरुणपणी अमलेटा नावाच्या एका लहानशा संस्थानात रोज रोज दीर्घकाळ गावे लागल्याने त्यांच्या आवाजावर भयंकर ताण पडला आणि आवाज गेला. तो परत आला तेव्हा पूर्वीची धार आणि गोडवा त्यात राहिला नव्हता. पण त्या बदललेल्या आवाजाला मानवेल, शोभेल अशी पेचदार, लयीशी गुंफलेली गायकी त्यांनी घडविली आणि आज आपण तिला जयपूर-अत्रौली घराणे म्हणतो. आता सांगा, म्हाताऱ्या खाँसाहेबांनी तरुण अल्लादियाला “इतके गाऊ नकोस, गळा जाईल” असे बजावले असते आणि त्याने ते ऐकले असते, तर? गळा वाचला असता. गायकीचे काय झाले असते हे कोणी सांगावे!

भास्करबुवा बखल्यांचेही तसेच. ते १८६९ साली बडोदे संस्थानातल्या कठोर गावी जन्मले. लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गोड गळ्याचे बालनट म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे वयात येताना आवाज फुटला आणि कालपर्यंत ज्याचे कौतुक होत होते त्या पोराकडे कोणी पाहीनासे झाले. त्या मुलाला वाटले असेल, संपले सारे. पण तो आवाज फुटला म्हणूनच ते इथे बडोद्याला फैज महंमदखाँकडे तालमीला आले, पुढे नथ्थनखाँ आणि अल्लादियाखाँ यांच्याकडून विद्या घेतली. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ज्यांना गुरू म्हणत, ते भास्करबुवा त्या फुटलेल्या आवाजातून उभे राहिले.

म्हणजे ठेच टाळणे हेच शहाणपण, असे म्हणता येत नाही. मग वडीलधाऱ्यांचा अनुभव फुकटच का? मला तसे वाटत नाही. मला वाटते, पत्त्यात चूक होते. तो सल्ला आपल्या तरुणपणाच्या पत्त्यावर पाठविला तर परत येणार. तिथे आता कोणी राहत नाही. पण समोर सतरंजीवर जो मुलगा बसला आहे, त्याच्या हाती दिला तर पोचतो.

भास्करबुवांच्या त्या गोष्टीने मी माझ्या वर्गात एक नियम केला आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. काल काळी चारमध्ये मोकळा गाणारा मुलगा आज मध्य सप्तकातच चिरकतो. या दिवसांत मी त्याला तारसप्तकाला हात लावू देत नाही. मंद्र आणि मध्य सप्तकात हलक्या आवाजाचा रियाज, तोही थोडा. उरलेल्या वेळात ताल, पेटी आणि भरपूर ऐकणे. आणि आईवडिलांना घरी बोलावून सांगतो की, पोराचे गाणे गेलेले नाही, घर बदलते आहे. वर्ष-दीड वर्षाने तो काळी एकच्या आसपास स्थिरावतो. त्या काळात त्याला कोणी हिणवले नाही, म्हणजे झाले.

तसेच वय उलटल्याचे. पस्तिशीच्या एक बाई मुलीला घेऊन वर्गाला येत आणि दाराशी बसून ऐकत. “आता माझे काय शिकायचे वय आहे का?” असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना केसरबाई केरकरांची हकीगत सांगितली. केसरबाई १८९२ सालच्या. लहानपणापासून अनेक गुरूंकडे त्यांनी तुटक तुटक तालीम घेतली. पण अल्लादियाखाँसाहेबांकडे पक्की तालीम सुरू झाली ती १९२१ साली, तिशीच्या उंबरठ्यावर. ती तालीम खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत, पंचवीस वर्षे चालली. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून पृथ्वीवरचे संगीत तारकांकडे धाडले, त्यात भारताच्या वतीने केसरबाईंची भैरवी आहे. त्या बाई आता मुलीच्या शेजारी बसून शिकतात. केसरबाई होण्यासाठी नव्हे. रावपुऱ्यातल्या आजींसारखी पेटी माळ्यावर जाऊ नये म्हणून.

आता वडिलांविषयी. त्यांचा सल्ला मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत महागात पडलेला आहे.

जुन्या गवयांत बंदिश म्हणजे तिजोरीतला ऐवज. बडोद्याने खरे तर या बाबतीत सर्वांआधी दार उघडले होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली, स्वतःची स्वरलेखनपद्धती बसविली, पुस्तके छापली. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती याच शहरात, भातखंडे यांच्या पुढाकाराने. आणि त्याच भातखंड्यांनी पुढे क्रमिक पुस्तकांतून शेकडो बंदिशी मराठी वाचकाच्या हाती दिल्या. तरीही घराघरांतून झाकपाक चालूच राहिली. माझ्या वडिलांनीही ती केली. एक ठेवणीतली बंदिश ते मैफलीत अस्ताई गाऊन सोडून देत. अंतरा कोणाच्या कानी पडू देत नसत. शागिर्दाने मागितला तर “पुढे बघू” म्हणत.

वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्यांची स्मृती विरळ होऊ लागली. एके दिवशी मला ती बंदिश शिकवायला बसले. अस्ताई चोख आली. अंतऱ्यापाशी थांबले. पुन्हा अस्ताईवर आले, पुन्हा थांबले. असे आठ-दहा दिवस चालले. शेवटी तंबोरा भिंतीला टेकवून म्हणाले, “त्या वेळी कोणाला तरी देऊन टाकायला हवा होता. ज्याला दिला असता त्याने आज मला परत दिला असता.” ते आता नाहीत. तो अंतराही नाही. अस्ताई मी वर्गात सर्वांना शिकवतो आणि अंतऱ्याची जागा मोकळी का, हेही सांगतो. एका विद्यार्थ्याने दुसरा अंतरा रचून जोडू का म्हणून विचारले. मी म्हटले, अवश्य जोड, पण तुझा म्हणून सांग.

हा एका घरचा तोटा झाला. मोठ्या घरांचेही तसेच तोटे झाले आहेत. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले. भास्करबुवा त्यानंतर वीस वर्षे, अल्लादियाखाँ चव्वेचाळीस वर्षे हयात होते. दोघांचीही तबकडी आपल्याला ऐकायला मिळत नाही. उलट आमच्या बडोद्याचे दरबार-गायक फैयाजखाँ १९५० साली गेले, पण त्यांच्या तबकड्या आहेत म्हणून माझा दहा वर्षांचा विद्यार्थीही त्यांचा नोमतोम ऐकून डोळे विस्फारतो. खाँसाहेबांचे गाणे गेले ते गेले; तथापि अल्लादियाखाँसाहेबांनी एक चांगली गोष्ट केली. उतारवयात आपल्या आठवणी नातू अझिजुद्दीनखाँ यांना सांगितल्या. नातवाने त्या टिपल्या, जपल्या आणि त्या पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. गळा गेल्याची हकीगत आज आपण जाणतो ती एका आजोबाने सांगितली आणि एका नातवाने ऐकली म्हणून.

वाचकहो, आपल्या या शहरात दोन-दोन शतके रुजलेली मराठी घरे आहेत. त्यांतली मुले पुण्या-मुंबईला, परदेशी जातात; वाड्यात राहतात ती वडीलधारी माणसे आणि त्यांच्या बरोबर त्यांचे शहाणपण. त्या शहाणपणात गाणेच असते असे नाही. कोणाची ओवी असेल, कोणाची कोटातली हिशेबाची युक्ती, कोणाची पुरणाची कृती, कोणाची भावाशी तुटलेली बोलाचाली. त्यांना उपदेश विचारू नका. उपदेश ते न विचारताही करतात. वीस वर्षांच्या स्वतःला ते काय सांगतील, एवढे विचारा. हाती मोबाइल आहेच. परवानगी घेऊन समोर ठेवा आणि मध्ये बोलू नका.

आणि जे स्वतः साठीपलीकडचे आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती, गाठोडे सोडा. विशीतला तो मुलगा तुमचे ऐकायला यायचा नाही. दाराशी चपला काढून जो आत आला आहे, त्याला अंतरा देऊन टाका.