शेतकऱ्याच्या नावावरचा पैसा आणि त्याचा हिशेब



अर्थसंकल्प सादर झाला की शेतकऱ्यांसाठी इतके हजार कोटी, असे मथळे आपण वाचतो. पैसा दिल्लीहून निघाला हे खरे. पण तो गावाकडच्या आपल्या चुलत्या-मामाच्या खात्यात पोहोचला की नाही, हे पाहायचे कोणी? ऑडिट म्हणजे कारकुनाच्या चुका काढणे, असा पुष्कळांचा समज आहे. आम्ही स्वतः बँकेत कारकुनी करतो, त्यामुळे ऑडिटर शाखेत आले की आमच्याही पोटात गोळा येतो, हे कबूल केलेले बरे. परंतु हेच काम नीट झाले तर ते गरीब शेतकऱ्याच्या बाजूने साक्ष देते. ते कसे, हे एका उदाहरणाने सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सरकारी खर्च तपासण्यासाठी घटनेच्या कलम 148 प्रमाणे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद आहे. वर्तमानपत्रे त्यास 'कॅग' म्हणतात. कलम 151 प्रमाणे त्यांचे अहवाल संसदेपुढे व राज्यांच्या विधिमंडळांपुढे ठेवावे लागतात. 30 मे 1949 रोजी घटना समितीत बोलताना पूज्य बाबासाहेबांनी हा अधिकारी घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत मांडले होते. संसदेने मंजूर केलेला पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला की नाही, हे पाहणारा कोणी नसेल तर मंजुरीला अर्थ काय, हा त्यामागचा विचार आहे.

आता उदाहरण. 2008 साली केंद्र सरकारने शेती कर्जमाफी योजना आणली. 31 मार्च 1997 नंतर 31 मार्च 2007 पर्यंत वाटलेल्या व थकलेल्या कर्जांना ती लागू होती. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास पूर्ण माफी आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याने 75 टक्के भरल्यास 25 टक्के सूट, असे साधारण स्वरूप होते. पात्र शेतकऱ्यांची यादी शाखेत लावायची आणि माफी मिळाल्याचा दाखला शेतकऱ्यास देऊन त्याची पोच घ्यायची, असाही नियम होता.

आम्ही तेव्हा नोकरीत नवे होतो. काउंटरवर पासबुक पुढे करून "साहेब, यादीत माझं नाव बघा की," असे म्हणणारे म्हातारे चेहरे अजून आठवतात. "बाबा, नाव नाही," एवढेच आम्ही सांगू शकत होतो. का नाही, हे सांगायला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते विचारायची त्यांची हिंमत नव्हती.

ते उत्तर पुढे लेखापरीक्षकांनी शोधले. कॅगने 25 राज्यांतील 92 जिल्ह्यांत 715 शाखांमध्ये जाऊन खाती तपासली. 5 मार्च 2013 रोजी हा अहवाल संसदेत मांडला गेला. तपासणीची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांना लाभ मिळाला, तेवढ्यांचीच खाती पाहून ते थांबले नाहीत. ज्यांना मिळाला नाही त्यांचीही खाती त्यांनी काढली. नऊ राज्यांतील अशा 9,334 खात्यांपैकी 1,257 खाती पात्र असूनही वगळलेली निघाली. म्हणजे शंभरात तेरा! उलट बाजूने, लाभ मिळालेल्या 80,299 खात्यांपैकी साडेआठ टक्के अपात्र निघाली. 2,824 प्रकरणांत कागदपत्रांत खाडाखोड व फेरफार दिसला. 61,793 खात्यांपैकी 21,182 मध्ये दाखला दिल्याची पोचच नव्हती. एका खासगी बँकेने तर सूक्ष्म वित्त संस्थांना दिलेल्या 164.60 कोटी रुपयांच्या कर्जाची भरपाई शेतकऱ्यांच्या नावावर सरकारकडून घेतली होती.

"नाव का नाही" हा एकट्या म्हाताऱ्याचा प्रश्न होता तोवर कोणी ऐकला नाही. तोच आकडा होऊन संसदेत गेला, तेव्हा सरकारला उत्तर द्यावे लागले. अपात्रांकडून रक्कम वसूल करावी, जबाबदारी निश्चित करावी, अशा सूचना बँकांना गेल्या.

तथापि ऑडिटच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. ही तपासणी पाच वर्षांनी पुढे आली. तोपर्यंत वगळलेल्यांचे व्याज चढतच राहिले. सावकाराचे कर्ज योजनेतच नव्हते. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन दोन हेक्टरांहून थोडी जास्त म्हणून त्याला पूर्ण माफी नव्हती. धोरण ठरवणे हे सरकारचे काम, ऑडिटरचे नव्हे. शिवाय वरची खाती बँकांनी दिलेल्या प्रमाणपत्रांवर विसंबून राहिली, हाही दोष अहवालात आहेच. कागदाने कागद तपासला तर शेतकरी दिसत नाही.

म्हणून ऑडिटरने शेतकऱ्यापर्यंत आणि शेतकऱ्याने ऑडिटपर्यंत गेले पाहिजे. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 ने ग्रामसभेला सामाजिक लेखापरीक्षणाचा अधिकार दिला. त्याचे नियम 2011 मध्ये कॅगच्या सल्ल्याने झाले. मजुरांपुढे हजेरीपट वाचायचा, हा त्याचा गाभा. शेतीच्या प्रत्येक अनुदानाची यादी अशीच चावडीवर वाचली गेली, तर वगळलेल्याला पाच वर्षे थांबावे लागणार नाही.

आपल्या शिकलेल्या मुलामुलींना आमची विनंती आहे. सुटीत गावी जाल तेव्हा शेतकऱ्याचे पासबुक भरून घ्या. लाभार्थ्यांची यादी मागा. मिळाली नाही तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच सांभाळा, कारण उद्या ऑडिटर आला तर तो कागदच पाहणार आहे. आणि आमच्यासारखे जे काउंटरच्या आत बसले आहेत, त्यांनी "नाव नाही" एवढे सांगून खिडकी बंद करू नये. का नाही, तेही लिहून द्यावे.

जयभीम.