कात्रीचा अधिकार

मनोविकाराने ग्रासलेल्या माणसाविषयी चित्रपट काढण्याची परंपरा मराठीला नवी नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४ मध्ये 'देवराई'तून स्किझोफ्रेनिया आणि पुढे 'कासव'मधून नैराश्य ज्या समंजसपणाने पडद्यावर आणले, त्याचा मान सुवर्णकमळाच्या रूपाने 'कासव'ला मिळालाही. परंतु आजवर चित्रणाचा केवळ विषय होऊन राहिलेल्या माणसाच्याच हाती कॅमेरा दिला असता काय घडते, हे पुण्यातील एका पुनर्वसन केंद्राच्या कार्यशाळेत मला जवळून पाहावयास मिळाले.

तेथील शिरस्ता साधा होता: ज्यांची औषधे व समुपदेशन यथास्थित चालू आहे त्यांनीच यावे, तिघाचौघांचा गट करावा आणि तीन मिनिटांच्या चित्रपटाची कामे आपसात वाटून घ्यावीत. ध्वनिमुद्रणाचे काम एका प्रौढ गृहस्थांनी मागून घेतले. ज्यांना पूर्वी आवाजांचे भास होत, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवावेत की नाही याविषयी समुपदेशिका साशंक होत्या. डॉक्टरांचा विचार घेऊन मगच त्यांनी होकार दिला. चित्रीकरण सुरू होताच गृहस्थांनी हात वर केला. "थांबा, घरघर येतेय." हेडफोन एकामागून एक सर्वांच्या कानी लागले. "हो काका, येतेय की!" पंखा बंद झाला. आपण ऐकले ते दुसऱ्यानेही ऐकावे आणि त्यावरून कामाचा निर्णय व्हावा, ही इतरांना क्षुल्लक वाटणारी गोष्ट त्यांना किती दुर्मीळ झाली असावी, हे त्यानंतर त्यांनी दिवसभर गाजवलेल्या हुकमतीवरून कळत होते.

याहून नाजूक काम संकलनाचे. रुग्णाची हकिकत केसपेपरावर डॉक्टर लिहितात, घरचे सांगतात, शेजारी रंगवतात. तिचा आरंभ कोठे, शेवट कोठे आणि मधले काय वगळावयाचे, हे ठरविण्याचा अखत्यार संगणकापुढे बसल्यावर प्रथमच ज्याचा त्याच्याकडे येतो. कच्चे चित्रण पाहताना एका मुलीचे वडील अस्वस्थ झाले. "अगं, गोळ्यांचं कशाला दाखवतेस? लोक बघतील."

"गोळ्या राहू देत, बाबा. माझं रडणं काढते," ती म्हणाली, आणि मार्गदर्शकांना सर्वांत परिणामकारक वाटलेला तुकडाच तिने कापला. मार्गदर्शक गप्प राहिले, हे त्यांचे कौशल्य.

उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली आहे. केंद्राचा नियम याही पुढे जातो: संमतीपत्रावर सही केलेल्यानेही ऐनवेळी माघार घेतली, तरी ती ग्राह्य. एका तरुणाने पुरा झालेला चित्रपट मागे घेतला, तेव्हा कारण न विचारता फाइल त्याच्या स्वाधीन झाली आणि दप्तरी त्याचे काम पूर्ण म्हणूनच नोंदले गेले. टाळ्यांवरून अशा उपक्रमाचे यश मोजू लागलो, तर ज्याला कर्ता केले त्यालाच आपण पुन्हा विषयाच्या जागी नेऊन बसवू.