झाशीच्या पश्चिमेला काच लावण्याआधी

मे २०२४ च्या अखेरीस झाशीचा पारा ४९ अंशांवर गेला. काचेची भिंत निवडायची, तर हा आकडा समोर ठेवूनच बसायला हवे. चार-पाच मजली रुग्णालय, हॉटेल किंवा कपड्यांचे मोठे दुकान बांधणारा माणूस आज बहुतेक वेळा दिल्लीचे किंवा पुण्याचे छायाचित्र घेऊन येतो आणि 'असे दिसले पाहिजे' म्हणतो. मग काचेचा रंग ठरतो, चौरस फुटाचा दर ठरतो. इमारतीची कोणती बाजू कुठे तोंड करून उभी आहे, हा प्रश्न शेवटी येतो, कधी येतच नाही. माझ्या मते तो पहिला असायला हवा, कारण पुढची निम्मी उत्तरे त्यातूनच मिळतात.

अशा काचेच्या भिंतीला कर्टन वॉल म्हणतात, म्हणजे इमारतीचा भार न उचलणारी भिंत. ती स्लॅबच्या कडांना ब्रॅकेटने टांगलेली असते आणि स्वतःचे वजन व वाऱ्याचा दाब एवढेच पेलते. म्हणूनच ती संपूर्ण काचेची करता येते. पण तिच्यामागे विटांची जाडी नसल्यामुळे ऊन, धूळ, पाऊस, आवाज हे सगळे काही मिलिमीटरांच्या काचेलाच अडवावे लागते.

झाशी साधारण साडेपंचवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या मध्यान्हीला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर ऊन फारसे पडत नाही. दोन-अडीच फुटांचे छज्जे तिला पुरतात. डिसेंबरात तोच सूर्य मध्यान्हीला ४१ अंशांपर्यंतच चढतो आणि दक्षिणेची काच थंडीत हवेसे ऊन आत घेते. खरी अडचण पूर्वेची आणि त्याहून अधिक पश्चिमेची आहे. चार-पाच वाजता सूर्य खाली उतरलेला असतो, किरणे काचेवर जवळजवळ समोरून येतात आणि आडवा छज्जा तिथे निरुपयोगी ठरतो. त्याच वेळी बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, वाहत असते आणि दिवसभर तापलेले काँक्रीट आत उष्णता सोडत असते.

एक ढोबळ हिशेब करून पाहावा. पश्चिमेला १०० चौरस मीटर काच आहे आणि तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६५० वॅट ऊन पडते आहे असे धरा. साधी, एकपदरी, पारदर्शक काच त्यातली सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते, म्हणजे ५२ किलोवॅट. ती बाहेर काढायला पंधरा टनांचे एसी लागतात. उष्णता २५ टक्क्यांवर रोखणारी लेपाची दुहेरी काच लावली, तर तेच काम पाच टनांच्या आत होते. तिथे भिंतच ठेवली आणि जाळी किंवा उभे पडदे देऊन मोजक्या खिडक्या काढल्या, तर त्याहूनही कमी. झाशीत पश्चिमेला सलग काच नकोच, असे मी स्पष्टपणे म्हणेन. हवीच असेल, तर तिच्यापुढे उभ्या पट्ट्यांची सावली हवी.

उन्हाचा विचार न करता काच लावण्याची चूक मोठ्या वास्तुकारांच्या हातूनही झाली आहे. १९३३ साली पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांनी साल्व्हेशन आर्मीसाठी बांधलेल्या निवासाला दक्षिणेकडे उघडता न येणारी सलग काच दिली. दुहेरी काच आणि थंड हवेची यंत्रणा पैशाअभावी राहून गेली आणि उन्हाळ्यात आत राहणे असह्य झाले. पुढे उघडणाऱ्या खिडक्या आल्या, त्यानंतर ऊन तोडणारे काँक्रीटचे पडदे आले. चंडीगडच्या सचिवालयावर त्यांनी जे खोल काँक्रीटचे कप्पे दिले, ते याच विचाराचे. झाशीला मात्र हे शिकायला पॅरिसला जावे लागत नाही. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळातल्या राणी महालाच्या खोल्या आतल्या चौकाभोवती आहेत, उजेड चौकातून येतो आणि बाहेरची बाजू उन्हाला फारशी वाट देत नाही. जवळच्या ओरछ्यात जहांगीर महालाच्या दगडी जाळ्या वारा आणि उजेड दोन्ही गाळून घेतात.

दिशा ठरली की काच. तिचे तीन आकडे विक्रेत्याकडून लेखी घ्यावेत: आत येणाऱ्या सौर उष्णतेचे प्रमाण, म्हणजे एसएचजीसी, उजेडाचे प्रमाण, आणि उष्णता आरपार जाण्याचा वेग, म्हणजे यू-व्हॅल्यू. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २०१७ नुसार उष्ण-कोरड्या आणि संमिश्र हवामानात उत्तर सोडून इतर बाजूंना एसएचजीसी ०.२७ पेक्षा जास्त नको, उजेड किमान २७ टक्के यायला हवा आणि बाह्य भिंतींत काचेचा वाटा ४० टक्क्यांवर जाऊ नये. नुसती गडद रंगाची काच पुरत नाही. ती ऊन शोषून स्वतः तापते, आतल्या माणसाच्या पाठीवर उष्णता फेकते आणि उजेड घालवून भरदुपारी दिवे लावायला लावते. लो-ई, म्हणजे उष्णता कमी उत्सर्जित करणाऱ्या, लेपाची दुहेरी काच घ्यावी आणि लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या पृष्ठावर असावा.

वाऱ्याकडे मात्र फारच कमी लोक पाहतात. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात झाशीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४७ मीटर आहे, मुंबईचा ४४ आणि पुण्याचा ३९. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे इतर गोष्टी सारख्या असतील, तर पुण्याच्या तुलनेत झाशीत दाब सुमारे ४५ टक्के अधिक. पुण्यात चाललेला ॲल्युमिनियमचा मुलियन (सांगाड्याची उभी पट्टी), काचेची जाडी, अँकरचे बोल्ट इथे तसेच उतरवणे धोक्याचे आहे. बुंदेलखंडातली आंधी अचानक येते. इमारतीच्या कोपऱ्यांवर तर ती काच बाहेर ओढते.

आता भिंत बसवण्याची पद्धत. स्टिक पद्धतीत मुलियन, ट्रान्सम (आडवी पट्टी), काच हे सगळे जागेवर तुकड्या-तुकड्याने जोडतात. खर्च कमी, पण सगळी भिस्त परांचीवरच्या कारागिरावर. युनिटाइज्ड पद्धतीत मजलाभर उंचीचे पॅनेल कारखान्यातून तयार येते; उंच, सारख्या मजल्यांच्या इमारतींना ते योग्य, लहान कामाला परवडत नाही. झाशीतल्या चार ते सहा मजल्यांसाठी मला मधली, सेमी-युनिटाइज्ड पद्धत बरी वाटते: सांगाडा जागेवर उभा करायचा, पण काच आपल्या चौकटीत कारखान्यातच सिलिकॉनने चिकटवून आणायची आणि वर फक्त क्लिपांनी बसवायची. कारण धूळ. स्ट्रक्चरल सिलिकॉनला स्वच्छ, कोरडे पृष्ठ लागते आणि पक्के होईपर्यंत त्याला हलवून चालत नाही. मे महिन्यात लू चालू असताना चौथ्या मजल्यावर हे कोण पाळणार? वरून सांधा सुबक दिसतो, पण आत धुळीचा पातळ थर राहिला की पकड गेली.

ॲल्युमिनियम काचेच्या अडीचपट प्रसरण पावते. हिवाळ्यातली पहाट ५ अंशांची आणि उन्हात तापलेली धातूची पट्टी ७० अंशांची धरली, तर साडेतीन मीटरचा मुलियन पाच मिलिमीटरांहून अधिक वाढतो आणि काच दोनच. हे अंतर सामावून घेणारी फट आराखड्यात दाखवली आहे का, ते पाहावे. तसेच आत शिरलेले पाणी बाहेर काढणारी बारीक भोके सांगाड्यात असतात. उन्हाळाभर ती धुळीने बुजतात आणि जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी छतातून खाली येते. पावसाळ्याआधी ती साफ करण्याचे काम देखभालीच्या करारात लिहूनच घ्यावे.

टफन केलेली, म्हणजे तापवून कणखर केलेली, काच क्वचित बाहेरच्या कारणाशिवाय फुटते. आत राहिलेला निकेल सल्फाइडचा कण काही वर्षांनंतर फुगतो आणि काच एका क्षणात कोसळते. हीट सोक चाचणी केलेली, म्हणजे कारखान्यातच पुन्हा तापवून पारखलेली, काच घेतली तर हा धोका खूप कमी होतो. पण माणसे खालून जातात, तिथे लॅमिनेटेड काचच हवी. ती फुटली तरी मधल्या पापुद्र्याला चिकटून राहते. स्लॅबची कड आणि काच यांच्यामधली फट अग्निरोधक साहित्याने भरलीच पाहिजे, नाहीतर खालच्या मजल्याचा धूर त्या वाटेने वर जातो. धूर बाहेर काढायला प्रत्येक मजल्यावर काही तावदाने उघडणारी असावीत. वीज गेली की त्यांचा उपयोग रोजच कळेल.

किल्ला किंवा राणी महालाच्या जवळचा भूखंड असेल, तर काचेआधी परवानगी पाहावी: संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत मंजुरी लागते.

ऑर्डर देताना प्रत्येक मापाची दोन-तीन तावदाने जादा मागवून, उभी, सावलीत ठेवावीत. टफन काच नंतर कापता येत नाही, आणि पाच वर्षांनी त्याच लेपाची नवी काच मागवली तर छटा जुळेलच असे नाही.