तारण : मिळवायचे की स्वीकारायचे?

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. मात्र त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त लाभलाच नाही, असे त्यांना वाटू लागले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी ही कबुली मोकळेपणाने दिली आहे. धर्म स्वीकारूनही काही स्वीकारायचे उरते, हे कोडे उलगडण्यासाठी 'सुवार्ता' या शब्दापर्यंत जावे लागते.

ज्या ग्रीक शब्दाचे मराठीत 'सुवार्ता' किंवा 'शुभवर्तमान' झाले, त्याचा अर्थ आनंदाची बातमी असाच आहे. बातमी सांगते काय घडले. अग्रलेख सांगतो काय करावे. सुवार्ता ही पहिल्या प्रकारात मोडते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने तिचा सारांश दिला आहे : ख्रिस्त मानवाच्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. नीतीचे नियम यानंतर येतात.

या घटनेचे फळ ते 'तारण'. सोने तारण ठेवून कर्ज काढणाऱ्या वाचकाला हा शब्द पतपेढीतला वाटेल. येथे मात्र तो 'तारणे', म्हणजे बुडणाऱ्याला वाचवणे, या अर्थी आहे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका म्हणजे मोक्ष. पापामुळे दुरावलेल्या मनुष्याचा देवाशी समेट म्हणजे तारण. दोन्ही कल्पना एकच मानल्या की गल्लत होते.

हे तारण मिळते कसे? इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात उत्तर स्पष्ट आहे : कृपेने, विश्वासाद्वारे, ते दान आहे, कर्माची मजुरी नव्हे. लूककृत शुभवर्तमानातील वधस्तंभावरचा गुन्हेगार याचे टोकाचे उदाहरण. त्याला ना बाप्तिस्म्याला वेळ मिळाला, ना सत्कृत्याला. तरीही येशूने त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन दिले. न्यायाच्या रूढ कल्पनेला हे रुचणारे नाही, आणि खरी अडचणही तीच आहे.

मग सत्कर्मांचे काय? याकोबाचे पत्र कर्मावाचूनच्या विश्वासाला मृत ठरवते. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हापासून या प्रश्नावर पश्चिमेतील चर्च दुभंगले. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने केवळ विश्वास पुरेसा असल्याचे मत फेटाळले. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्जबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव मनुष्याचा स्वीकार करतो तो कृपेने, त्याच्या गुणांमुळे नव्हे, आणि सत्कर्मे हे त्या कृपेचे फळ, हे दोघांनीही मान्य केले. मेथडिस्ट मंडळ्या २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये त्यात सामील झाल्या.

सारे मतभेद त्याने मिटले असे नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत बाप्तिस्म्यापासून सुरू होणारा तो आयुष्यभराचा प्रवास आहे. इव्हँजेलिकल पंथीय पश्चात्तापाच्या वैयक्तिक निर्णयावर भर देतात. ख्रिस्ताचे नावही न ऐकलेल्यांचे काय, यावरही एकमत नाही. स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताला न ओळखणारे, पण प्रामाणिकपणे देवाचा शोध घेणारे लोकही तारण पावू शकतात, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले. अनेक इव्हँजेलिकलांना ते मान्य नाही.

रमाबाईंचा कल वैयक्तिक विश्वासाकडे झुकला. कर्माने तारण मिळत नाही ही त्यांची खात्री झाली, पण त्यांचे काम थांबले नाही, उलट वाढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणून केडगावला आसरा दिला. तेथील संस्थेला त्यांनी नाव दिले 'मुक्ती'. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद त्यांनी तेथेच केला. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी तो पूर्ण झाला होता.