चालता येते अशी समोच्च रेषा

डोंगरफेरी आखायची तर आधी नकाशा उघडावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर डोंगराभोवती तपकिरी रेषांची वेटोळी दिसतात. समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या या समोच्च रेषा. दाट असल्या की चढ खडा, विरळ असल्या की सोपा. जमिनीवर मात्र त्या कुठेच दिसत नाहीत, त्यामुळे नवख्याला त्या वाचायला वेळ लागतो. हिवरे बाजारच्या डोंगरावर त्या दिसतात. त्यांच्यात उतरून उभंही राहता येतं, कारण गावाने त्या कुदळ-फावड्याने खोदल्या आहेत!

अहिल्यानगर शहरापासून साधारण 17 किलोमीटरवरचं हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, इथे जेमतेम 400. एके काळी डोंगर बोडके झाले होते, पडलेलं पाणी माती घेऊन वाहून जायचं आणि माणसं कामासाठी शहरं गाठायची. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. मग श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली, पुढे आदर्श गाव योजना आली, आणि डोंगरउतारांवर माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर पडले.

असा चर आखण्याची एक जुनी रीत बघण्यासारखी आहे. दोन काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, मधे एक आडवी काठी, आणि शेंड्यापासून ओळंबा सोडायचा. ओळंब्याची दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर स्थिरावली की चौकटीचे दोन्ही पाय एकाच पातळीत आले. तिथे फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढे फिरवायचा, पुन्हा ओळंबा बघायचा. पाऊल-पाऊल करत पांढरी रेघ डोंगराला वळसा घालते. या रेघेत थोडी जरी चूक झाली तरी चरातलं सगळं पाणी सखल टोकाकडे धावतं आणि भराव फोडतं. नकाशाकाराने उपकरणं लावून जे काम कागदावर केलं, तेच इथे काठी, दोरी आणि दगडाने मातीवर होतं. मला यापेक्षा सुंदर भूमिती माहीत नाही.

फेरी आखणाऱ्याच्या हाती यातून एक किल्ली लागते. चराच्या कडेकडेने गेलात तर चढ जवळपास शून्य, चर ओलांडत वर गेलात तर प्रत्येक चरागणिक उंची वाढते. म्हणजे मध्यम ताकदीच्या माणसासाठी वाट जुळवायची तर थोडं ओलांडायचं, थोडं आडवं चालायचं. पाय मात्र भरावावर टाकू नये. तिथलं गवत आणि रोपंच माती धरून ठेवतात.

वेळेचा हिशेब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडला, आणि तो आजही कामाला येतो: किलोमीटरला 12 मिनिटं, शिवाय प्रत्येक 100 मीटर चढाला 10 मिनिटं. समजा 8 किलोमीटरची फेरी आणि 200 मीटर चढ, तर 96 अधिक 20, म्हणजे दोन तासांना चार मिनिटं कमी. हे न थांबता चालणाऱ्याचं गणित. घरच्यांसोबत तीन तास धरावेत. सकाळी पश्चिमेकडच्या उताराला सावली असते, तिथून चढावं. खडी बाजू चढायला ठेवावी आणि सौम्य बाजू उतरायला, कारण सुट्या मुरुमावर पाय घसरतो तो उतरतानाच. पाणी माणशी दोन लिटर तरी हवं. दिवस निवडावा पावसाळा सरता-सरता: गवत कमरेएवढं, उन्हाचा चटका कमी. पुढे कुसळी पिकली की मोज्यात घुसलेली कुसळं काढण्यातच विसावा संपतो. आणि निघण्याआधी ग्रामपंचायतीत विचारावं. राखलेलं रान आहे, कुठून जायचं ते गावाने सांगावं.

माथ्यावर पोचलात की तुम्ही पाणलोटाच्या सीमेवर असता. सह्याद्रीच्या मुख्य धारेवर शेजारी-शेजारी पडलेले दोन थेंब दोन वेगवेगळ्या समुद्रांना मिळू शकतात. इथे अलीकडचा थेंब गावाच्या विहिरीकडे निघतो, पलीकडचा दुसऱ्या कुणाच्या शिवाराकडे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. गावाचं क्षेत्र सुमारे 976 हेक्टर. तेव्हा एका मिलिमीटरचे होतात जवळजवळ 98 लाख लिटर! आपण ज्याला शिंतोडे म्हणतो, त्याचे.

हे सगळं पाणी हाती लागत नाही. काही वाफ होतं, काही झाडं पितात. चरात थांबलेलं पाणी मुरुमातून झिरपतं आणि काळ्या बेसॉल्टच्या कुजलेल्या थरांत, भेगांत उतरतं. अखंड, घट्ट खडक लागला की ते आडवं सरकतं आणि विहिरीच्या भिंतीतून पाझरतं. म्हणून उतरतीची वाट विहिरींच्या बाजूने काढावी आणि एखाद्या विहिरीत डोकावून पाण्याची पातळी बघावी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं गावाने ठरवलं आहे, आणि त्यामागचं कारण इथे डोळ्यांनी कळतं: उघडी विहीर वरच्या थरातलं, चरांनी नुकतंच भरलेलं पाणी देते, तर खोल बोअर वर्षानुवर्षं साठलेल्या पाण्याला हात घालते. पावसाळ्यानंतर पर्जन्यमापकाचे आकडे आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे येते. पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. ऊस त्यात बसत नाही.