कागदावरून पडद्यावर आलेली सॅट

अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीची सॅट परीक्षा मार्च २०२३ पासून भारतासह अमेरिकेबाहेर आणि वर्षभराने खुद्द अमेरिकेत ‘ब्लूबुक’ या ॲपवर आली. तीन तासांचा पेपर २ तास १४ मिनिटांवर आला.

सवय मोडते ती प्रत्येक विभागाच्या पहिल्या भागातच. त्यातल्या कामगिरीवर दुसरा भाग सोपा की अवघड, हे ठरतं. वेळ संपली की मागे फिरता येत नाही. लांबलचक उतारेही गेले. आता छोटा उतारा, प्रश्न एकच.

गणितात ‘डेस्मॉस’ हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर पडद्यावरच असतो. दोन समीकरणं टाइप करा, आलेख छेदतात तिथे क्लिक करा, उत्तर समोर! अर्थात, बोटांना सराव हवा. घड्याळ लपवता येतं, पण शेवटची पाच मिनिटं ते दिसतंच. कच्च्या कामाला मात्र कागदच.