ऐकू येण्याची गोष्ट (भाग ५) : हरवलेला ‘स’

श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडतं, हे मागच्या भागात पाहिलं. कॉक्लिअर इम्प्लांटचं काम वेगळं. ते कानातल्या निकामी पेशींना वगळून थेट श्रवणनसेला विजेचे ठोके देतं. निरोगी कानात या कामावर पंधरा हजारांच्या आसपास केशपेशी असतात. इम्प्लांटच्या तारेवर साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर मूल बोलायला शिकतं, याचंच खरं तर नवल.

थेरपीच्या खोलीत आई ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे हात धरते आणि एकेक ध्वनी म्हणते : आ, ऊ, ई, म, श, स. ऐकू आला की मुलानं डब्यात मणी टाकायचा. पाच मणी पडतात. ‘स’ला मणी मुठीतच राहतो. मराठीत हे परवडणारं नाही, ‘कधी आला?’ आणि ‘कधी आलास?’ यांतला फरक त्या एका ‘स’वर आहे. मग ऑडिओलॉजिस्ट इम्प्लांटचा कानाबाहेरचा प्रोसेसर संगणकाला जोडून मॅपिंग, म्हणजे कोणत्या इलेक्ट्रोडला किती वीज हे, बदलतात, आणि पुन्हा मणी.

म्हणजे ‘इम्प्लांटचा उपयोग होतो का?’ याला एकच उत्तर नाही. बोलता येऊ लागल्यावर ऐकू येणं गेलेल्यांना बहुधा चांगला होतो. जन्मतः कर्णबधिर मुलाला वर्ष-दोन वर्षांत बसवलं तर होतो, पुढे थेरपी टिकली तर. जन्मापासून कधीच न ऐकलेल्या प्रौढाला शब्द कळण्यापुरता क्वचितच.

पण प्रश्न फक्त उपयोगाचा नाही. अमेरिकेत १९९० मध्ये दोन वर्षांवरच्या मुलांसाठी इम्प्लांटला मंजुरी मिळाली, आणि तिथल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनं पुढच्याच वर्षी निषेध केला. आमची खुणांची भाषा पूर्ण भाषा आहे, मुलाच्या वतीनं हे ठरवणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल. २००० मध्ये संघटनेनं सूर मवाळ केला, पालकांचा निवडीचा हक्क मानला.

मला स्वतःला ऑपरेशनवर आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ‘खुणा बंद करा, नाहीतर बोलणार नाही’ या सल्ल्यावर. रात्री प्रोसेसर काढला की मूल पुन्हा कर्णबधिरच असतं. पावसाळ्यात ओल शिरून तो बिघडला, दुरुस्तीला तीन आठवडे लागले, तर तेवढे दिवस घरात बोलायचं कशानं?

केंद्राच्या एडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या गरजू मुलांना इम्प्लांट मिळतं; वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम पाहते. अर्ज जरूर करा. पण ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या : वॉरंटी संपल्यावर प्रोसेसरची वायर आणि कॉइल केवढ्याला पडते, आणि भारतीय सांकेतिक भाषा शिकवणारं जवळपास कोण आहे.